जोशुआ चेंबरलेन आणि २०वी मेन पलटण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांत पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल (१८६१ ते १८६५) थोडं जरी वाचलं, तरी गेटिसबर्गच्या रणभूमीवरची लिटल राउंड टॉप ही टेकडी आणि तिथे उत्तरेकडून लढलेला एक प्राध्यापक-कर्नल, जोशुआ चेंबरलेन, भेटतोच. बहुतेक वर्णनं संगिनींच्या हल्ल्यापाशी येऊन थांबतात. त्या हल्ल्याआधीची दहा महिन्यांची कवायत आणि त्यानंतर अंगावर वागवलेली जखम यांच्याशिवाय हा माणूस समजत नाही, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून उत्तरं थोडी मागून सुरू केली आहेत.

चेंबरलेन मुळात कोण? सैनिक की मास्तर?

मास्तर. जन्म ८ सप्टेंबर १८२८, मेन राज्यातल्या ब्रूअर गावी. मेन म्हणजे अमेरिकेचा ईशान्येचा टोकाचा कोपरा. जंगल, लाकूड आणि जहाजं. लहानपणी ते तोतरं बोलत आणि ठरावीक अक्षरांवर अडत. वाक्य लयीत म्हणायची सवय लावून घेऊन त्यांनी ते अडखळणं आटोक्यात आणलं. १८५२ मध्ये ब्रन्सविकच्या बोडन कॉलेजातून पदवी, मग बँगोरच्या धर्मशास्त्र विद्यालयात तीन वर्षं. पाद्री न होता ते बोडनलाच परतले आणि वक्तृत्वशास्त्र व पुढे आधुनिक भाषा शिकवू लागले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, हिब्रू, अरबी अशा बऱ्याच भाषा त्यांना येत. डिसेंबर १८५५ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅडम्स (फॅनी) यांच्याशी लग्न झालं. पाच मुलांपैकी ग्रेस आणि विलिस ही दोनच जगली.

लष्करी शिक्षण नसताना एकदम लेफ्टनंट कर्नल कसे झाले?

तेव्हा स्वयंसेवकांच्या पलटणी राज्यं उभी करत आणि त्यांचे अधिकारी राज्याचा गव्हर्नर नेमत असे. १८६२ च्या उन्हाळ्यात कॉलेजने चेंबरलेन यांना युरोपात अभ्यासासाठी दोन वर्षांची रजा दिली होती. ते बोटीवर चढलेच नाहीत. गव्हर्नर वॉशबर्न यांच्याकडे जाऊन त्यांनी सेवा देऊ केली. गव्हर्नरांनी थेट कर्नलपद देऊ केलं, पण चेंबरलेन यांनी एक पायरी खालचं पद मागून घेतलं. काम आधी शिकून घ्यावं, हा हेतू. त्या काळी राजकीय वजनावर कर्नल झालेले किती तरी लोक पहिल्याच चकमकीत उघडे पडले होते. ते पाहता पुढचं सगळं या एका निर्णयामुळे शक्य झालं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांना मिळालेले कर्नल होते अ‍ॅडलबर्ट एम्स. वय २६, वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयाचे पदवीधर, बुल रनच्या लढाईत जखमी होऊनही तोफा न सोडलेले. एम्सनी २०व्या मेन पलटणीला इतकं रगडलं की शिपाई त्यांचा द्वेष करू लागले. चेंबरलेन रात्री त्यांच्याच तंबूत बसून डावपेचांची पुस्तकं शिकत.

पलटण म्हणजे नेमकी किती माणसं? पगार किती?

कागदावर दहा कंपन्या, दर कंपनीत शंभराच्या आसपास माणसं, म्हणजे एकूण सुमारे हजार. वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर; शिवाय अ‍ॅडज्युटंट (कर्नलचा कारभार पाहणारा), कोठीवाला अधिकारी आणि सर्जन. कंपनीला एक कॅप्टन, दोन लेफ्टनंट, पाच सार्जंट, आठ कॉर्पोरल. प्रत्यक्षात हा आकडा महिनाभरही टिकत नसे. २९ ऑगस्ट १८६२ रोजी पोर्टलंडमध्ये दाखल झालेली ही पलटण दहा महिन्यांनी गेटिसबर्गला पोचली तेव्हा लढायला उभे होते सुमारे ३८६. गळतीचं मोठं कारण गोळ्या नव्हत्या. पूर्ण युद्धात या पलटणीचे १४७ जण लढाईत किंवा जखमांनी गेले आणि १४६ आजाराने. घाण पाणी, गोवर, विषमज्वर आणि हगवण यांनी शत्रूइतकीच माणसं नेली.

पगार : पायदळाच्या कर्नलला भत्ते धरून महिना २१२ डॉलर, लेफ्टनंट कर्नलला १८१, कॅप्टनला ११५.५०, साध्या शिपायाला १३.

बंदूक कोणती होती आणि ती भरायची कशी?

२०व्या मेनकडे प्रामुख्याने इंग्लंडहून आणलेली एनफिल्ड रायफल होती. हीच ती १८५७ ची एनफिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे ठिणगी पडली. काडतूस दातांनी फाडावं लागे, म्हणून तर तो प्रश्न धर्माचा झाला. अमेरिकेत याच कारणाने पुढचे दात नसलेला माणूस भरतीत नापास होत असे.

भरण्याचा क्रम असा : बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवायचा. पेटीतून काडतूस काढायचं. कागद दाताने फाडायचा. दारू नळीत ओतायची. शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी बोटाने बसवायची. गज ओढून गोळी तळापर्यंत ठासायची. गज परत खोबणीत सरकवायचा. घोडा अर्धा चढवून तांब्याची टोपी (घोडा पडला की पेटून दारूला आग देणारी) बोंडीवर बसवायची. मग घोडा पूर्ण चढवून नेम. कवायतीतला चांगला शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

बिघडायचं काय? सगळंच. काळ्या दारूची काजळी नळीत साचते; वीस-पंचवीस बारांनंतर गोळी खाली उतरत नाही आणि मग गज दगडावर आपटून ठोकावा लागतो. घाईत गज नळीतच राहतो आणि गोळीबरोबर उडून जातो. दुसरा मिळेपर्यंत तो शिपाई निकामी. सर्वांत वाईट म्हणजे टोपी पेटत नाही, पण आजूबाजूच्या गदारोळात ते कळतच नाही आणि शिपाई पहिल्या काडतुसावर दुसरं ठासतो. गेटिसबर्गनंतर मैदानावरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांमध्ये एकावर एक ठासलेली काडतुसं सापडली. म्हणूनच कवायत घोटून घ्यायची : डोकं चालेनासं झालं तरी हात चालत राहावेत.

गेटिसबर्गच्या आधी त्यांनी काय पाहिलं होतं?

अँटिएटमच्या लढाईत पलटण राखीव होती. खरी पहिली परीक्षा फ्रेडरिक्सबर्ग, १३ डिसेंबर १८६२. मेरीज हाइट्सच्या उतारावर दगडी भिंतीआड बसलेल्या दक्षिणी फौजेवर उघड्या मैदानातून लाटेमागून लाट पाठवण्यात आली. २०वी मेन संध्याकाळी पुढे गेली आणि अडकली. थंडीच्या रात्री चेंबरलेन मेलेल्या सैनिकांच्या आडोशाला निजले. दुसऱ्याचा कोट तोंडावर ओढून घेतला होता. पुढचा दिवसभर डोकं वर काढायची सोय नव्हती. रात्री मिळतील त्या फळकुटांनी उथळ खड्डे खणून आपली माणसं पुरली. त्याच रात्री आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसला. इतक्या दक्षिणेला तो क्वचितच दिसतो.

चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत (मे १८६३) ते नव्हते असंच धरा. देवीची लस सदोष निघाली, माणसांना खरोखरच देवी आल्या आणि अख्खी पलटण वेगळी ठेवावी लागली. तिला तारायंत्राच्या तारांवर पहाऱ्याचं काम मिळालं. त्यानंतर एम्सना बढती मिळाली आणि चेंबरलेन कर्नल झाले.

'सेकंड मेन'च्या बंडखोरांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. लिटल राउंड टॉपच्या आधी तीच समजून घ्यावी. २री मेन पलटण दोन वर्षांसाठी उभी राहिली होती आणि मे १८६३ मध्ये घरी परतली. पण तिच्यातल्या सुमारे १२० जणांनी भरतीच्या वेळी तीन वर्षांच्या कागदावर सही केलेली होती. आम्ही या निशाणाखाली लढायला आलो, निशाण घरी गेलं तर आम्हीही जाणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काम नाकारलं. संगिनींच्या पहाऱ्यात, उपाशी, त्यांना २०व्या मेनमध्ये आणून सोडलं आणि ऐकलं नाही तर गोळ्या घालायची मुभा चेंबरलेन यांना मिळाली.

त्यांनी केलं ते असं. पहारा काढला. आधी जेवू घातलं. त्यांचा गट एकत्र न ठेवता माणसं कंपन्यांमध्ये विखरून टाकली, म्हणजे बंडाची चूल एका जागी पेटायला नको. मग त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि गव्हर्नरांना त्याबद्दल पत्र लिहिलं. थोडे सोडले तर बाकी सगळे रुजू झाले. हिशेब करून पाहा : महिन्याभराने टेकडीवर उभ्या असलेल्या ३८६ पैकी बरेच जण हेच होते, आणि तेही दोन वर्षं लढून तयार झालेले. निशाण धरणारा सार्जंट अँड्र्यू टोझियर हाही मूळचा २ऱ्या मेनचाच.

लिटल राउंड टॉप इतकी महत्त्वाची का होती?

२ जुलै १८६३ रोजी उत्तरेच्या फौजेची फळी या टेकडीपाशी संपत होती. टेकडी गेली असती तर शत्रूला त्या फळीच्या बगलेत आणि पिछाडीला उतरता आलं असतं. दुपारी इंजिनियर अधिकारी जनरल वॉरन वर गेले तेव्हा तिथे फक्त निशाणं हलवून संदेश देणारे काही जण होते. त्यांनी मदत मागवली. निरोप नेणारा स्वार वाटेत कर्नल स्ट्राँग व्हिन्सेंट यांना भेटला आणि वरिष्ठांची वाट न पाहता व्हिन्सेंटनी आपली ब्रिगेड टेकडीवर घातली. चार पलटणी : १६वी मिशिगन, ४४वी न्यूयॉर्क, ८३वी पेन्सिल्व्हेनिया आणि सगळ्यात डावीकडे २०वी मेन. हल्ला सुरू व्हायला तेव्हा मोजकी मिनिटं उरली होती. काही झालं तरी जागा सोडायची नाही, हा व्हिन्सेंट यांचा चेंबरलेनना हुकूम. पुढे टेकडीच्या दुसऱ्या टोकाला व्हिन्सेंट जखमी झाले आणि पाच दिवसांनी गेले.

बगल 'मागे वळवली' म्हणजे नक्की काय केलं?

समोर होती कर्नल विल्यम ओट्स यांची १५वी अलाबामा आणि तिच्याबरोबर ४७वी अलाबामा. ओट्सची माणसं त्या दिवशी सुमारे चाळीस किलोमीटर चालून आली होती. पाणी आणायला गेलेले २२ जण सगळ्यांच्या बाटल्यांसह पकडले गेले. शेजारची मोठी टेकडी चढून, तहानलेल्या अवस्थेत ते लढाईत उतरले. अलाबामाच्या बाजूने पाहायचं तर ही लढाई त्या २२ बाटलीवाल्यांपाशीच निम्मी हरली होती.

चेंबरलेन यांनी सुरुवातीलाच कॅप्टन वॉल्टर मॉरिल यांची 'बी' कंपनी डावीकडे, पुढच्या झाडीत पाठवली. मॉरिलला तिथे चौदा-एक नेमबाज येऊन मिळाले आणि सगळे एका दगडी भिंतीआड बसले. मुख्य फळीला ते दिसत नव्हते. मारले गेले असावेत असाच समज झाला.

शत्रूची रांग डावीकडे सरकते आहे, हे एका खडकावर चढल्यावर चेंबरलेन यांना दिसलं. तेव्हाची नेहमीची फळी दोन रांगांची, खांद्याला खांदा लावलेली. त्यांनी हुकूम दिला : गोळीबार न थांबवता माणसांनी एक-एक पाऊल डावीकडे सरकायचं, दोन रांगांची एक रांग करायची आणि निशाणापासून डावा निम्मा भाग मागे काटकोनात दुमडायचा. निशाण आता कोपऱ्यावर आलं. इंग्रजी 'व्ही' अक्षराची एक बाजू समोर, दुसरी डावीकडे, असं समजा. फळीची लांबी जवळजवळ दुप्पट झाली आणि जाडी निम्मी. हे सगळं उतारावर, खडक-झाडांमधून, अंगावर गोळ्या येत असताना. समोरच्याला अशा वेळी फक्त माणसं हलताना दिसतात, तो बदल पूर्ण व्हायच्या आत हल्ला करतो आणि फळी फाटते. इथे ती फाटली नाही; श्रेय एम्सच्या कवायतीला.

मग दीड तास हल्ले आणि प्रतिहल्ले. मधली जागा कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. कोपऱ्यावरची माणसं इतकी पडली की एकदा धुरातून फक्त टोझियर दिसला : निशाणाची काठी काखेत धरून पडलेल्याच्या बंदुकीने गोळ्या झाडत असलेला.

संगिनींचा हल्ला : हुकूम कोणी दिला?

दर माणसामागे ६० काडतुसं होती, ४० पेटीत आणि बाकी खिशात. ती संपली. मेलेल्यांच्या आणि जखमींच्या पेट्याही उपसून झाल्या. मागे हटायची परवानगी नव्हती आणि जागेवर उभं राहून रिकाम्या बंदुकांनी पुढचा हल्ला झेलणं शक्य नव्हतं. लेफ्टनंट होल्मन मेल्चर पुढे पडलेले जखमी आणायला जाऊ द्या म्हणून सांगायला आले. चेंबरलेन यांनी 'संगीन' एवढा शब्द उच्चारला आणि तो रांगेतून पसरला. त्यापुढचा नेमका 'चला' असा हुकूम सगळ्यांना ऐकू आला की नाही, यावर त्या पलटणीतल्याच लोकांचं पुढे एकमत झालं नाही. डावा भाग सांभाळणारे कॅप्टन एलिस स्पिअर यांनी नंतर चेंबरलेन यांच्या वर्णनांवर टीका केली. मेल्चर सर्वांच्या पुढे धावले, हे बहुतेक मान्य आहे.

यांत्रिक बाजू समजून घ्या. दुमडलेला डावा भाग तसाच धावत सुटला असता तर भलत्याच दिशेला गेला असता. आधी तो पुढे येऊन उजव्या भागाच्या ओळीत आला आणि मग सगळी फळी उजवीकडे फिरली : उजवं टोक ८३व्या पेन्सिल्व्हेनियाशी बिजागरीसारखं अडकलेलं आणि बाकी दार उतारावरून बंद होत जाणारं. त्याच क्षणी भिंतीआडून मॉरिलची 'बी' कंपनी उठली आणि तिने मागून गोळ्या झाडल्या. आपण वेढले गेलो, असं अलाबामावाल्यांना वाटलं. ओट्स यांच्या म्हणण्याप्रमाणे माघारीचा हुकूम त्यांनी आधीच दिला होता. तरीही ती माघार व्यवस्थित राहिली नाही, पळापळ झाली. चेंबरलेन यांनी सुमारे ४०० कैदी पकडल्याचं सांगितलं. ओट्सनी तो आकडा कधीच मान्य केला नाही. २०व्या मेनची हानी, मेलेले आणि जखमी धरून, सव्वाशेच्या आसपास होती.

म्हणजे एकट्या चेंबरलेननी युद्ध जिंकून दिलं का?

नाही. गेल्या काही दशकांतली एक कादंबरी आणि त्यावरचा सिनेमा यांनी तसा समज पसरवला आहे. त्याच टेकडीवर व्हिन्सेंट गेले, १४०व्या न्यूयॉर्कचे कर्नल ओ'रोर्क गेले, तोफखान्याचे हॅझलेट गेले. मोक्याच्या क्षणी आलेली १४०वी न्यूयॉर्क नसती तर टेकडीचं उजवं टोक पडलं असतं. फरक इतकाच की ते तिघे सांगायला उरले नाहीत, आणि चेंबरलेन पन्नास वर्षं जगले व उत्तम लिहीत. त्यांची कामगिरी खरी आहे आणि मोठीही आहे. शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, त्यांना १८९३ मध्ये मिळालं.

पीटर्सबर्गची जखम किती गंभीर होती?

त्या काळी अशा जखमेतून माणूस वाचत नसे. १८ जून १८६४, ब्रिगेडच्या पुढे चालत असताना गोळी उजव्या कुल्ल्यातून आत शिरून मूत्राशय आणि मूत्रमार्ग फाडत डावीकडे अडकली. माणसं बिचकू नयेत म्हणून ते तलवार जमिनीत रोवून तिच्या आधाराने उभे राहिले आणि रांग पुढे गेल्यावर कोसळले. दोन सर्जननी रात्री गोळी काढून फाटलेलं जोडायचा प्रयत्न केला. उत्तरेचे सरसेनापती जनरल ग्रँट यांनी त्यांना तिथल्या तिथे ब्रिगेडियर जनरल केलं, मरण्याआधी मान मिळावा म्हणून. वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली.

ते जगले. पण लघवीची नळी फार काळ आत राहिल्याने कायमचं छिद्र पडलं. वारंवार संसर्ग, ताप, गळती. १८८३ मध्ये शस्त्रक्रिया होऊनही आराम पडला नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये ते मोर्चावर परतले तेव्हा धड चालता येत नव्हतं आणि घोड्यावर बसणं यातनेचं होतं. २९ मार्च १८६५ रोजी क्वेकर रोडवर पुन्हा गोळी लागली : त्यांच्या शार्लमेन घोड्याच्या मानेतून आरपार जाऊन ती छातीवर आली, खिशातल्या कागदांच्या चामडी पाकिटाला आणि आरशाला अडून बरगड्यांवरून घसरली. युद्धात एकूण सहा जखमा.

अ‍ॅपोमॅटॉक्सला शत्रूला सलामी दिली, हे खरं?

दक्षिणेचे सेनापती ली अ‍ॅपोमॅटॉक्स या गावी शरण आले आणि १२ एप्रिल १८६५ रोजी त्यांच्या पायदळाने शस्त्रं ठेवली. त्यांचे जनरल जॉन गॉर्डन पुढे येताच चेंबरलेन यांनी आपल्या माणसांना बंदुका 'कॅरी'च्या स्थितीत घ्यायला सांगितलं, म्हणजे चालत्या फौजेने द्यायचा मान. गॉर्डननीही तलवार झुकवून उत्तर दिलं. मग एक-एक पलटण समोर थांबायची, बंदुका रचून ठेवायची, काडतुसांच्या पेट्या त्यांवर लटकवायची आणि शेवटी निशाण. या प्रसंगाचा मुख्य आधार या दोघांची, पुष्कळ वर्षांनी लिहिलेली वर्णनं आहेत. डिव्हिजनचे प्रमुख जनरल बार्टलेट होते, त्यामुळे सगळा समारंभ चेंबरलेन यांच्या हाती होता असं म्हणणं जास्त होईल.

युद्धानंतर?

मेनचे गव्हर्नर, एक-एक वर्षाच्या चार मुदती. मग १८७१ ते १८८३ बोडन कॉलेजचे अध्यक्ष. तिथे त्यांनी विज्ञान शाखा आणली आणि लष्करी कवायत सक्तीची केली. १८७४ मध्ये विद्यार्थ्यांनी कवायतीवर बहिष्कार घातला. त्यांना घरी पाठवावं लागलं आणि पुढे सक्ती सुटली. २ऱ्या मेनच्या बंडखोरांशी इतकं शहाणपणाने वागलेल्या माणसाने इथे हट्ट का धरला, असं वाटून जातं. घरातही ताण होता. १८६८ च्या सुमारास गोष्ट घटस्फोटाच्या बोलण्यापर्यंत गेली होती. तरी संसार टिकला. फॅनींची दृष्टी शेवटी पूर्ण गेली. त्या १९०५ मध्ये वारल्या.

जानेवारी १८८० मध्ये निवडणुकीच्या निकालावरून राज्याच्या राजधानीत, ऑगस्टा शहरात, सशस्त्र जमाव उभे ठाकले. राज्याच्या दलाचे प्रमुख म्हणून चेंबरलेन यांनी बारा दिवस सैन्य न बोलावता पोलिसांच्या बळावर शांतता राखली आणि कोर्टाचा निकाल येताच बाजूला झाले. आम्हाला हे काम लिटल राउंड टॉपच्या तोडीचं वाटतं.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी पोर्टलंडमध्ये ते वारले. वय ८५. कारण तीच जुनी जखम आणि तिचा संसर्ग.

या युद्धाचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. दक्षिणेची बंदरं अडवल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले. त्या पैशावर बॅक बेच्या भरावाचे शेअर उधळले. अ‍ॅपोमॅटॉक्सची बातमी आली, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला वायदे चुकते करायच्या दिवशी पेढ्या बुडाल्या. दुसरा धागा जास्त मोलाचा : जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. २०व्या मेनची ती साधी माणसं त्या अर्पणपत्रिकेत येतात.

जागा पाहायची असेल तर?

लिटल राउंड टॉप दुरुस्तीसाठी जवळजवळ दोन वर्षं बंद होती; २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. बहुतेक लोक माथ्यावर, वॉरन यांच्या पुतळ्याशी फोटो काढून परततात. २०व्या मेनची जागा माथ्यावर नाही. दक्षिणेकडे उतरत जाणाऱ्या व्हिन्सेंट स्पर या सोंडेवर, झाडीत, त्यांचा दगडी स्तंभ आहे. 'बी' कंपनीची खूण वेगळी आहे, आणखी पूर्वेला झाडीत. तीही शोधा, म्हणजे ते दार कुठून बंद झालं ते कळेल. पायात घट्ट बूट हवेत, खडक निसरडे आहेत. ब्रन्सविकला त्यांचं घर संग्रहालय म्हणून उघडं असतं. १८७१ मध्ये त्यांनी जुनं घर वर उचलून त्याखाली नवा मजला बांधला होता. जिन्यापाशी उभं राहिलं की दोन घरांचा सांधा दिसतो. कबर तिथल्याच पाइन ग्रोव्ह दफनभूमीत, फॅनींच्या शेजारी.